बॉयलरमामांचं ऊन पाणी

माणसाचं नशीब त्याच्या आंघोळीच्या पाण्यावर ठरतं असं मानणारा दुसरा माणूस पृथ्वीच्या पाठीवर असेल तर मला ठाऊक नाही. पहिला आमच्या शेजारच्या खोलीत राहत होता. कंपनीत बॉयलर सांभाळायचे म्हणून सगळे त्यांना बॉयलरमामा म्हणत. मूळचे कोकणातले. त्यांच्या गावी डोंगराच्या पायथ्याला जमिनीतून आपोआप ऊन पाणी येतं, दगडी कुंडात साठतं आणि बारा महिने वाफाळत असतं. कंपनीत दिवसभर कोळसा घालून पाणी तापवायचं आणि घरी आल्यावर कोळशाशिवाय तापलेल्या त्या पाण्याचं कौतुक सांगायचं, असा मामांचा दिनक्रम होता. चिंचवडच्या आमच्या चाळीत कुणाला ताप येवो की कुणाचं लग्न मोडो, मामांचा पहिला प्रश्न ठरलेला, "आंघोळ कसल्या पाण्यानं करतोस?"

पाणी ते कोपराने तपासत. बोटं खोटं बोलतात, कोपर बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. समोरच्या बिऱ्हाडात मुलाची हळद होती, तर मामा गर्दीतून वाट काढत नवरदेवाच्या घंगाळापाशी गेले, बाह्या सरसावून कोपर बुडवलं आणि म्हणाले, "ह्या पाण्यानं संसार टिकायचा नाय. अजून एक बंब टाका." पिंपरी कॅम्पातल्या हॉटेलात चहाच्या बशीला कोपर लावून त्यांनी चहा परत पाठवलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. माणसांची नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत, जिल्हे मात्र पक्के राहत. समोरचा सातारा, माडीवरचे दोघे थोरला खानदेश आणि धाकटा खानदेश, आणि मी मराठवाडा. घरापासून इतक्या लांब येऊन पडलेल्या मला कुणीतरी दिवसातून चार वेळा माझ्या मुलखाच्या नावानं हाक मारतं, याचंच त्या दिवसांत फार अप्रूप वाटायचं.

त्या पाण्याभोवती मामांनी एक स्वप्न बांधलं होतं. पिंपरीपासून चाकणपर्यंत नवनवे कारखाने उभे राहत होते, आणि मामांना त्यात धुराडी दिसत नसत, गुडघे दिसत. "अरे, इतक्या कमरा, इतके खांदे! हे सगळे काय जन्मभर गोळ्या गिळत बसणार? माझ्या गावी न्या. कुंडाशेजारी खोल्या बांधा. सकाळी कुंड, दुपारी कुळथाचं पिठलं नि भात, संध्याकाळी परत कुंड. आठ दिवसांत माणूस नवा! लोक हवा खायला थंड गावी जातात. म्हणजे पदरचं घालून सर्दी आणतात मेले." मग खडूनं जमिनीवर खोल्यांचा नकाशा निघे. सातारा विचारायचा, "मामा, माझी खोली कुठली?" मामा गंभीरपणे खूण करून द्यायचे. चाळीतल्या प्रत्येकाची त्या नकाशात एक खोली होती.

मी सातवीतून शाळा सोडलेला. पत्रा दाबायच्या प्रेसशॉपमध्ये टेंपररी होतो. टेंपररी माणसाला काही महिन्यांनी ब्रेक देत, म्हणजे सरळ घरी पाठवत. परत कधी बोलावतील याचा नेम नसे. त्या वर्षी आमच्यातल्या काहींना कायम करायचं ठरलं, फक्त कंपनीच्या डॉक्टरनं पास करायला हवं होतं. आणि नेमका तेव्हाच माझा उजवा खांदा धरला. शर्ट खुंटीला लावता येईना. जेवताना घास वर नेण्याऐवजी मान खाली न्यायची. मी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर डॉक्टरच्या आधी मुकादमानंच काढलं असतं. पण एकदा मी डाव्या हातानं चहा पिताना मामांनी पाहिलं.

"मराठवाड्या, हात वर कर."

मी खांद्याइतका केला आणि डोळ्यात पाणी आलं.

"डॉक्टर कधी बघणार?"

"शुक्रवारी सकाळी."

मामांनी बोटांवर वार मोजले. मग म्हणाले, "गुरुवारची सुट्टी हाय. बुधवारी पहिली पाळी सुटली की निघू. पिशवी भर."

एस.टी.त बसल्यावर मामा घाटमाथ्यापर्यंत अखंड बोलत होते. गाडी घाट उतरायला लागली तसं बोलणं कमी झालं. सकाळी कोकणातल्या लाल रस्त्याला गाडी लागली तेव्हा ते अगदीच गप्प. मी भीतभीत विचारलं, "मामा, काय झालं?"

"एक सांगायचं राहिलं," ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आमच्याकडे रीत हाय. पहिला तांब्या गावच्या माणसानं अंगावर ओतायचा. त्याशिवाय परक्यानं कुंडात उतरायचं नाय."

"मग तुम्ही ओताल की."

"मला बंदी हाय."

झालं होतं ते असं. काही वर्षांपूर्वी मामा सुट्टीत गावी गेले होते. आपल्या खोल्यांमध्ये पाईपनं पाणी न्यायचं तर दाब किती आहे ते कळायला हवं, म्हणून बॉयलरवाल्या माणसाला सुचेल तेच त्यांना सुचलं. कुंडात पाणी जिथून येतं त्या दगडी तोंडावर त्यांनी व्हॉल्व्ह बसवला. दुपारपर्यंत पाणी बंद. व्हॉल्व्ह काढला तरी दोन दिवस पाणी आलं नाही. देव कोपला म्हणून गावात चुली पेटल्या नाहीत. पाणी परत आलं, पण मामांचं गाव गेलं. आणि कुंडाची राखण करणारा गुरव मामांचा सख्खा थोरला भाऊ.

पोचलो तेव्हा तो भाऊ कुंडाच्या पायरीवरच बसलेला. मामांसारखंच नाक, मामांसारखंच कपाळ. परतीची गाडी दुपारी एकच होती. ती चुकली तर शुक्रवार गेला, आणि शुक्रवार गेला तर माझं सगळंच गेलं. समोर पाणी वाफाळत होतं आणि मला घाम फुटला होता.

"कोन ह्यो?" भावानं विचारलं.

"माझा भाचा. कंपनीतला."

"तुजा? मग पानी नाय."

"दादा, ऐक तरी."

"पिशवीत व्हॉल्व्ह हाय काय? काढ भायर."

मामांनी मुकाट्यानं पिशवी पायरीवर उपडी केली. पंचा पडला, नारळ पडला, आणि सगळ्यात शेवटी गडगडत आली गुंडाळलेली मोजपट्टी. एवढ्या घाईतही खोल्यांची जागा मोजून घ्यायचा मोह त्यांना आवरला नव्हता.

"ह्यो मेला सरनावर गेला तरी सुधरायचा नाय!" भाऊ उठलाच. "आधी सरन मोजून घेशील काय रं?"

एरवी मी हसलो असतो. तेव्हा मला फक्त शुक्रवार दिसत होता. मी म्हणालो, "मामा, चला. राहू दे."

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मोजपट्टी उचलली आणि भावाच्या पायाशी ठेवली.

"ही तू ठेव. खोल्यांचं नाव परत काढणार नाय. देवाच्या समोर सांगतो. मला पाणी नको, मी कोरडा जातो. पण ह्या पोराचा हात उद्या वर गेला नाय तर त्याला हाकलतील. त्याचं गाव तिकडं लांब, हितं त्याला कोण नाय."

भाऊ मोजपट्टीकडे बघत राहिला. रस्त्याकडून कुठल्याशा गाडीचा हॉर्न आला आणि मी दचकून तिकडे पाहिलं. मग त्यानं तांब्या बुडवला आणि माझ्या उजव्या खांद्यावर ओतला. कढत धार हाडापर्यंत गेली. मी ओरडलो. "वरडू नको. उतर," तो म्हणाला.

मी गळ्यापर्यंत त्या पाण्यात बसलो. गंधकाचा वास, पायाखाली गुळगुळीत दगड, आणि वर पायरीवर रिकामी पिशवी मांडीवर घेतलेले मामा. ज्यांनी जन्मभर त्या पाण्याचे गोडवे गायले, ते हातभर अंतरावर कोरडे. त्यांचं कोपर नकळत पाण्याकडे झुकायचं आणि ते मागे घ्यायचे. मी पाहिलं. भावानंही पाहिलं असावं, कारण तो तोंड फिरवून बसला.

गाडी आम्ही धावत पकडली. शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, "हात वर." कानापर्यंत गेला आणि अडला. "अजून वर." मी डोळे मिटले. खांद्यावर ती कढत धार आठवली, पायरीवरची मोजपट्टी आठवली, आणि हात गेला. पाण्यानं गेला, भीतीनं गेला की लाजेनं, मला आजही सांगता येणार नाही. मी कायम झालो.

मामांनी शब्द पाळला. चाळीत लोक मुद्दाम छेडायचे, "काय मामा, आमची खोली कुठवर आली?" मामा म्हणायचे, "कसली खोली?" आणि चहाला कोपर लावायचे. जमिनीवर खडू परत उमटला नाही. मी एकटाच जाणून होतो की त्या सगळ्या खोल्या कुठे गेल्या होत्या. त्या माझ्या खांद्यात गेल्या होत्या.

मामा गेले त्याला आता दोन पावसाळे झाले. यंदा सातारा कंबर धरून बसला, तेव्हा मी त्याला घेऊन त्या गावी गेलो. भाऊ पार वाकला आहे. साताऱ्याच्या कमरेवर तांब्या ओतून झाल्यावर त्यानं मला विचारलं, "त्यो येत नाय काय रं आता?" त्याला कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. तो उठून घरात गेला. आला तेव्हा त्याच्या हातात मोजपट्टी होती, तेल लावून जपलेली.

"पावसात लोकांचे लय हाल व्हतात हितं," तो म्हणाला. "पाईप नाय हां. मानसं चालत येतील कुंडावर. पन निजायला छप्पर पायजे. धर ह्ये टोक."

मी उजव्या हातानं टोक धरलं. तो पट्टी उलगडत मागे मागे जाऊ लागला. मामा असते तर त्यांनी असं लगेच मोजायला दिलं नसतं, हे आठवून मी त्याला थांबवलं, गुडघ्यावर बसलो आणि जमिनीला कोपर लावलं.

ऊन होती.