प्रत्येक पानावर सही

कळव्यातल्या सोनल मढवीचं टायपिंगचं दुकान बावीस वर्षांचं. गिऱ्हाईक बहुतेक प्राध्यापकच. त्यांतले डोंबिवलीचे हरिहर सर राज्यशास्त्रातले निवृत्त. अमेरिकेच्या राज्यघटनेवर त्यांनी जाडजूड पुस्तक लिहिलेलं. ते टाइप करताना सोनलला विषयाची गोडी लागली. एखादं साल चुकलेलं वाटलं की ती वाचनालयात जाऊन खात्री करायची आणि गुपचूप दुरुस्त करायची. सरांना पत्ताही नसायचा.

एक चूक मात्र तिच्या नजरेतून सुटली. घटनेवर सही करणाऱ्यांत सरांनी जेफरसनला बसवलं होतं. तो तेव्हा अमेरिकेचा राजदूत म्हणून पॅरिसला होता. पुस्तकावर टीका झाली. सत्काराच्या कार्यक्रमात सर माईकवर हसत म्हणाले, "आमच्या टायपिस्टबाई दहावी पास. काय अपेक्षा करणार?"

सभागृह हसलं. तिसऱ्या रांगेत नवऱ्याशेजारी, नवी साडी नेसून, सोनल बसली होती.

दुसऱ्या आवृत्तीसाठी सर नव्यानं लिहिलेली पानं घेऊन परत आले. तिनं नाही म्हटलं नाही.

"करून देते, सर. फक्त टाइप झालेलं प्रत्येक पान तपासून खाली सही करा. परत माझ्याकडून चूक नको."

सर खूश झाले. तीनशे बारा पानांवर त्यांनी न वाचता सह्या ठोकल्या.

सोनलला अकरा चुका दिसल्या होत्या. सरांच्या पुस्तकात, घटना लिहायला फिलाडेल्फियात भरलेल्या सभेला तेराही राज्यं हजर होती. खरं तर ऱ्होड आयलंडनं एकही माणूस पाठवला नव्हता. नागरिकांच्या हक्कांच्या दहा दुरुस्त्या १७९१ साली आल्या, सरांनी त्या १७८७च्या मूळ घटनेतच घातल्या होत्या. तिनं अक्षर न् अक्षर तसंच टाइप केलं.

नवरा, सुदेश, म्हणाला, "अगं, सांगून टाक ना त्यांना."

"दहावी पासला काय कळतं?"

पुस्तक बाजारात आलं, त्याच आठवड्यात तिनं अकरा चुकांची यादी पानांच्या आकड्यांसकट प्रकाशकाला आणि परीक्षण लिहिणाऱ्यांना धाडली. सरांनी पुन्हा टायपिंगकडे बोट दाखवलं. सोनल सह्यांचा गठ्ठा घेऊन प्रकाशकाच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली. महिन्याभरात सगळ्या प्रती परत मागवल्या गेल्या.

सर दुकानात आले, ते एकदम म्हातारे दिसत होते.

"तुम्हाला कळलं होतं. मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलंत कधी?"

"निदान आता दुरुस्त करून द्या. प्रस्तावनेत तुमचं नाव घालतो."

"दुसरं दुकान बघा, सर."

त्यांची दया येईल असं तिला वाटलं होतं. आली नाही. पायरी उतरताना सर अडखळले, दाराची चौकट धरून थोडा वेळ थांबले. सोनल जागची हलली नाही. तिनं पुढच्या गिऱ्हाइकाचे कागद ओढून घेतले.