सारसांचा हाका

माझ्या फोटोंत पक्षी असतो, पण तो बोट ठेवून दाखवावा लागतो. "हा काय, बाभळीच्या उजवीकडे," असं मी म्हणायचो आणि बायको चष्मा पुसून म्हणायची, "अहो, ती धूळ आहे." वर्षानुवर्षं हा अपमान गिळल्यावर ऐपतीत बसणारी एखादी झूम लेन्स घ्यायचं मी ठरवलं. नागपूरच्या एका स्टुडिओवाल्याकडे दोन जुन्या लेन्स होत्या. एक ऐंशी-दोनशे मिलिमीटरची, आखूड पल्ल्याची, वजनदार, पण भरपूर उजेड घेणारी. दुसरी शंभर-तीनशे, लांब पल्ल्याची, हलकी आणि उजेडाच्या बाबतीत महाकंजूष. "दोन्ही वापरून बघा, सोमवारी एक परत करा," तो म्हणाला. परवडणार होती एकच. ती चुकली तर उरलेलं आयुष्य धूळ दाखवण्यात जाणार होतं. मी शिकवतो त्या शाळेतल्या एका शिक्षकाचे मामा, गोविंदराव, आसगावला धानाची शेती करायचे आणि त्यांच्या बांध्यांत (बांध घातलेल्या शेतांत) सारसांची जोडी उतरते, असं ऐकून होतो. दोन्ही लेन्स पिशवीत घालून मी भंडाऱ्याची एसटी पकडली.

भंडाऱ्याला उतरलो तर आसगावची गाडी नुकतीच गेलेली. वेळ फुकट कशाला घालवा, म्हणून रिक्षानं कारध्याला, वैनगंगेच्या काठी गेलो. खडकावर एक पाणकावळा पंख वाळवत बसला होता. लांब लेन्स लावून डोळा टेकवतो तोच खांद्याशी आवाज आला.

"दुर्बीन हाय का जी?"

"नाही, कॅमेरा आहे."

"दूरचं दिसते ना? मंग माही म्हैस पाहा ना जरा. सकाळपासून दिसून नाही राहिली."

गृहस्थ हटेना. शेवटी अख्खा काठ धुंडाळून मी एक म्हैस शोधली आणि त्याला लेन्समधून दाखवली. "हे त दुसऱ्याची हाय," असं म्हणून तो चालता झाला. तोवर पाणकावळाही उडून गेला होता.

आसगावात गोविंदरावांनी घरच्यासारखं स्वागत केलं. भात, मासोळीचा रस्सा आणि लाखोळीची भाजी (धान निघताना त्याच बांधीत उगवणाऱ्या कडधान्याचा कोवळा पाला). मी दोनदा मागून घेतली. कटकट सुरू झाली ती सकाळी. धुक्यात मी एकटाच गुपचूप निघालो, तर अंगावर घोंगडं घेऊन गोविंदराव मागे हजर.

"कुठं जाऊन राहिले, मास्तर?"

"पक्षी बघायला. मला एकट्यालाच जाऊ द्या, माणसं दिसली की ते बुजतात."

"पाहुन्याले एकटं सोडतेत का? लोक काय म्हनतीन!"

लोकांनी काही म्हणू नये म्हणून वाटेत शेजारी आले, चुलतभाऊ आले, हातात सकाळचे डबे घेऊनच. कुणी खोकत होतं, कुणी मोठ्यानं माझी जात, पगार, मुलंबाळं विचारत होतं. बोडीच्या (छोट्या तलावाच्या) पाळीवर पोचेपर्यंत आमची वरातच झाली होती. सारस होते, पण पार पलीकडच्या बांधीत. लांब लेन्स लावली; धुक्यात तिच्यातून सगळं राखाडी दिसत होतं. दातओठ खात आखूड लेन्स चढवली. चित्र लख्ख झालं आणि पक्ष्यांची पुन्हा धूळ झाली. मी कपाळावर हात मारला.

"काय झालं जी?"

"पक्षी लांब आहेत, आणखी काय!"

"एवढंच? मंग हाका करतो ना!"

हाका म्हणजे आरडाओरडा करून जनावर शिकाऱ्याच्या दिशेनं हुसकणं. या झाडीमुलखात तो बापजाद्यांपासून चालत आलेला. मी नको नको म्हणतोय तोवर सगळे लांबून वळसा घालून पलीकडे पोचलेसुद्धा. पाहुण्याला एकटं सोडलं ते असं! मग रिकामे डबे वाजायला लागले, "हो हो हो" सुरू झालं आणि सारस उडाले. माझा जीवच उडाला. पण हाका घालणारे कच्चे नव्हते. लांब माना ताणून जोडी सरळ माझ्याच अंगावर आली. झूमची नळी मागे ओढली आणि बटण दाबलं. दुसऱ्यांदा दाबेपर्यंत आभाळ रिकामं.

"उडवलेत ना शेवटी!" मी ओरडलो.

"काहून रागावून राहिले? जवळ पायजेत म्हनले, आनून देल्ले," गोविंदराव धापा टाकत म्हणाले. परतताना मी रागानं त्यांच्या दहा पावलं पुढे चालत राहिलो. त्यांनी मात्र माझी पिशवी फाट्यापर्यंत वाहिली आणि गाडी सुटताना खिडकीतून लाखोळीची जुडी आत दिली.

सोमवारी स्टुडिओवाल्यानं रोल धुतला. लांब लेन्सचे सगळे फोटो म्हणजे नुसतं धुकं. शेवटून दुसरा फोटो बघून तो खुर्चीतून उठलाच. पंख पसरलेले दोन सारस, डोळ्याच्या बुबुळासकट. "कुठली ठेवताय?" त्यानं विचारलं. मी आखूड लेन्स पिशवीत घातली.

घरी बायकोनं फोटो हातात घेतला. चष्मा पुसला नाही. "अगंबाई, केवढे हो हे!" एवढंच म्हणाली. कित्येक वर्षांचा हिशेब चुकता झाला असं मला वाटलं.

"पण हे पंखाखाली काय आहे? धूळ का?"

मी वाकून पाहिलं. बांधीच्या कडेला, डोक्यावर डबा धरलेलं, तोंड उघडं टाकून धावणारं काहीतरी होतं.

"नाही गं," मी म्हणालो आणि जवळ जाऊन बोट ठेवलं. "हे गोविंदराव."