तिथीची पाऊणपट

माझ्या छातीतली धडधड सुरू झाली ती शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपमुळे, हे मी आजही कुणालाही ठणकावून सांगेन. ‘माहिती आजच्या आज पाठवा’ असा निरोप आला की माझे हात गार पडायचे. मग पटसंख्येचा तक्ता, मग तोच तक्ता नव्या नमुन्यात, मग ‘आधीचा नमुना रद्द समजावा’. श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि हृदय ठणठणीत आहे म्हणाले. “धडधड झाली की मनातल्या मनात काहीतरी मोजा. आणि उद्याचं उद्या बघा,” एवढंच औषध.

शंभरापासून उलटे आकडे मोजून पाहिले. गणित शिकवणाऱ्याला त्यात काय गोडी असणार? मग वडिलांची रीत आठवली. आमच्या हरिहरेश्वरात जुनी माणसं भरतीची वेळ मोबाईलवर बघत नाहीत. तिथीची पाऊणपट करतात. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती. त्यात सहा मिळवले की नऊला पूर्ण ओहोटी. वडील गेल्यावर घरात हे सांगायचं काम माझ्याकडे आलं होतं, आता मी त्याचंच औषध केलं. निरोप आला की कुठलीही तिथी धरायची. सप्तमी, सव्वापाच, सव्वाअकरा. उत्तर येईपर्यंत श्वास जागेवर यायचा. वर्षभरात मी इतका थंड झालो की शाळेत सगळे माझी थट्टा करू लागले. मला मात्र त्याचा केवढा अभिमान वाटायचा.

त्या हिवाळ्यात आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, पुढच्या महिन्यात. त्याआधी तिला एकदा देवळाची प्रदक्षिणा घालायची होती. आमची प्रदक्षिणा गाभाऱ्याभोवती संपत नाही. डोंगराच्या खिंडीतून पायऱ्या उतरून खाली खडकांवर यायचं आणि समुद्राच्या कडेने डोंगराला वळसा घालायचा. ही वाट ओहोटीची. भरतीला तिथे वाट नसते, पाणी असतं. त्या खडकांवरून माणसं वाहून गेल्याचं आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, आणि लाट आवाज न करता येते हेही.

रविवारी सकाळी स्वयंपाकघरातून बायकोने विचारलं, “अहो, आज ओहोटी कितीची?”

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. तारखेखाली चतुर्थी होती. “नऊची. साडेआठला निघा, निवांत करा.”

दोघी पोहे खाऊन निघाल्या. मीही जाणार होतो, पण पुन्हा कुठलीशी माहिती भरायची होती, म्हणून घरीच बसलो. दारातून आईने वळून पाहिलं. उगीचच. मी हात हलवला.

नऊच्या पुढे केव्हातरी धडधड सुरू झाली. कारण काहीच नव्हतं, मोबाईल गप्प होता. आमच्या सुपारीच्या वाडीमागून समुद्राचा आवाज येत होता, ओहोटीला येतो त्याहून जवळून. कानांनी तो ऐकला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मी सवयीने चार, तीन, नऊ असं मोजलं आणि धडधड थांबली. एक वेळ अशी आली होती की माझं शरीर मला खरं सांगत होतं, आणि मी त्याला थोपटून झोपवलं.

साडेनवाला मासेवाली दारात आली. पाटी उतरवायला लागली तशी मी म्हटलं, “आज नको. आज संकष्टी.”

ती हसायला लागली. “मास्तर, संकष्टी परवा हाय. आज बीज. आमच्या होड्या तिथीवर जातात, मी चुकंन व्हय?”

मी कॅलेंडरपाशी गेलो. रविवारचा आकडा लाल असतो, मी वाचलेला आकडा काळा होता. आदल्या दिवशी ऑपरेशनची तारीख तीनतीनदा बघायला मी पान उलटलं होतं आणि ते तसंच राहिलं होतं. पुढच्या महिन्याची चतुर्थी मी आजच्या समुद्राला लावली होती. संकष्टीचा कडक उपास करणारी माझी बायको माझ्यासमोर पोहे खाऊन गेली होती, तेही मला दिसलं नव्हतं.

बीज म्हणजे दोन. दोनची पाऊणपट दीड. ओहोटी साडेसातची. पाणी दोन तासांपासून चढत होतं, आणि बिजेचं पाणी मोठं असतं.

मी चपला न घालता पळालो. देवळाजवळच्या नारळवाल्याने माझं तोंड पाहिलं आणि काही न विचारता दोर घेऊन मागे आला. खिंडीच्या तळाशी वाट अर्धी बुडालेली होती. मी बायकोला हाका मारल्या. वळणापलीकडून तिचा आवाज आला.

कड्याला टेकून एका उंच खडकावर दोघी बसल्या होत्या. खालच्या खडकावर लाट चढत होती. बायकोची साडी कमरेपर्यंत भिजलेली, ओठ पांढरे. आईच्या मांडीवर फुलांची पिशवी, आणि चेहरा अगदी शांत. दोर धरून, दोन लाटांच्या मधल्या वेळात आम्ही एकेकीला आणलं. आईला मी पाठीवर घेतलं. दोनदा माझा पाय सुटला. नारळवाल्याने दोर सोडला असता तर हे लिहायला मी नसतो.

पायऱ्यांवर बसल्यावर आई म्हणाली, “ही कधीची म्हणत होती, पाणी चढतंय, मागे फिरूया. मलाही दिसत होतं रे. पण म्हटलं, त्याने नऊ सांगितलेत ना, मग आता उतरेलच. म्हणून बसून राहिलो.”

घरी आल्यावर बायकोने ओल्या साडीनेच जाऊन कॅलेंडरचं पान मागे उलटलं.

धडधड झाली की आता मी मोजत नाही. आधी उठतो, बाहेर जाऊन बघतो. बहुतेकदा काही नसतं, घरचे हसतात, हसू देत. आईचं ऑपरेशन नीट झालं, ती चालू लागली. परवा तिने काठी टेकत दारात येऊन विचारलं, “अरे, उद्या ओहोटी कितीची?”

मी कॅलेंडरवरचा महिना दोनदा वाचला. ती मात्र उंबऱ्यात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी सांगेन त्या वेळेला ती निघणार होती.