प्रश्न तिसरा : विद्यार्थी खरे बोलतो का?

शांतवन त्रिभुवन चर्चचा पाळक व्हायचं शिक्षण घ्यायला जालन्याहून कोल्हापुरात आला, तेव्हा त्याच्याकडं दोन बॅगा होत्या आणि अतोनात सभ्यपणा होता. बॅगांना जागा मिळाली. सभ्यपणाचं काय करायचं ते आमच्या शिवाजी पेठेत कुणालाच कळेना. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक येतं, "पटदिशी काढ की रं," म्हणतं, मी पटदिशी काढून देतो. हा आला आणि म्हणाला, "काका, आपल्याला त्रास होणार नसेल तर एक प्रत मिळेल का?" असल्या माणसांचा मला रागच येतो. मी मुद्दाम मशीन गरम व्हायला वेळ लागतो म्हणून सांगितलं आणि तेवढ्यात तो कागद वाचून काढला.

कागद त्याच्या सेमिनरीचा होता. तिथं असा नियम आहे की पहिलं सत्र विद्यार्थ्यानं होस्टेलात नाही, मंडळीबाहेरच्या एखाद्या घरात राहायचं. म्हणजे चर्चशी काही संबंध नसलेल्या माणसांत. तीन महिन्यांनी घरमालकानं पाच प्रश्नांची उत्तरं लिहून द्यायची. प्रार्थनेच्या वेळा पाळतो का, घरकामात हात लावतो का, असं काहीबाही. तिसरा प्रश्न होता, "विद्यार्थी खरे बोलतो का?" आणि त्याच्याखाली ठळक अक्षरात, "उत्तर 'नाही' असल्यास प्रवेश रद्द होऊ शकतो."

"मागच्या वर्षी एकाला परत पाठवलं," शांतवन म्हणाला. त्याचे वडील जालन्याच्या एसटी डेपोत मेकॅनिक. पोराला निरोप द्यायला अख्खी मंडळी स्टँडवर आली होती, बस थांबवून प्रार्थना झाली, कंडक्टरनंसुद्धा डोळे मिटले. आता परत जायचं म्हणजे त्याच स्टँडवर उतरायचं. हे सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की मला राग धरून बसता येईना.

त्याला घर मिळालं ते झुंबरबाईचं, माझ्या दुकानासमोरचं. खाली त्यांचं चटणी कांडायचं मशीन, वर याची खोली. सगळी पेठ झुंबरबाईकडं मिरच्या घेऊन येते. नवरा गणपतराव एकेकाळी तालमीच्या फुटबॉल टीमचा गोलकीपर होता. आता बॉल अडवायचं वय गेलं, पण पेठेची इज्जत अडवून धरायचं काम अजून त्यांच्याकडंच आहे, असं ते समजतात.

पहिल्या दिवशी झुंबरबाईनं पाव्हण्यासाठी तांबडा रस्सा केला. शांतवनच्या घरी भाजीत मिरची नुसती दाखवतात. पहिल्याच घोटाला त्याच्या कानातून वाफ निघाली. झुंबरबाईनं विचारलं, "कसा झालाय?"

"फार छान, मावशी."

इथं थांबला असता तर हे लिहायची वेळ आली नसती. पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते झाकायला काहीतरी बोलणं भाग होतं. म्हणून तो पुढं म्हणाला, "आमच्या जालन्यात तर याहून तिखट खातात."

गणपतरावांचा हात ताटातच थांबला. पाव्हणा वर गेल्यावर त्यांनी बायकोला हुकूम सोडला, "उद्यापासनं लवंगी वाढीव. जालन्याच्या पोरापुढं कोल्हापूर फिक्कं पडाय नगो."

दुसऱ्या दिवसापासून शांतवननं ताट वर खोलीत न्यायला सुरुवात केली. निमित्त प्रार्थनेचं. झुंबरबाई आयाबायांना कौतुकानं सांगायची, "ताटावर अर्धा अर्धा तास देवाचं नाव घेतंय लेकरू." लेकरू तेवढ्या वेळात रस्सा स्टीलच्या डब्यात ओतायचं, डबा बायबलच्या पिशवीत घालायचं आणि माझ्या दुकानात आणून ठेवायचं. मग गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर जाऊन, समोर पिळलेल्या म्हशीच्या धारोष्ण दुधात भाकरी कुस्करून खायचं.

डब्याचं काय व्हायचं? मी खायचो. पोरगं पहिल्या दिवशी डबा घेऊन रडकुंडीला आलं होतं. अन्न टाकणं पाप, सांगणं म्हणजे मावशीचा अपमान. मी म्हणालो, माझ्याकडं दे, दोन्ही सुटतंय. मी एकटा माणूस, खानावळीचं जेवून जीभ मेली होती. तीन महिन्यांत मला शर्टाची वरची दोन मापं घ्यावी लागली.

सत्र संपायला आठ दिवस राहिले आणि शांतवन फॉर्म घेऊन दुकानात आला. "काका, मावशींना सगळं सांगतो."

"खुळा का काय तू? आधी फॉर्म भरून हुंदे, मग सांग."

"मग ते सांगणं कशाचं?"

मी त्याला पुष्कळ समजावलं. जालन्याचं स्टँड आठवून दिलं, वडिलांचं नाव काढलं. खरं सांगायचं तर त्यातली निम्मी काळजी मला माझ्या डब्याची होती. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि या वेळी रस्सा कुठं नव्हता. मला फार वाईट वाटलं, तरी मी समजावायचं सोडलं नाही.

शनिवारी सकाळी तो खाली मशीनपाशी जाऊन उभा राहिला. ब्याडगीचं कांडप चाललं होतं, सगळे तोंडाला फडकी बांधून शिंकत होते. मी फुटपाथवरनं बघत होतो.

"मावशी, मी तीन महिने खोटं बोललो. मला तिखट खाता येत नाही. जालन्यातही कुणी एवढं खात नाही. मी रोज दूधभाकरी खाल्ली."

झुंबरबाईनं मशीन बंद केलं. भर दिवसा ते बंद पडल्यावर समोरच्या चार खिडक्या उघडल्या.

गणपतराव मिरचीच्या पोत्यावर बसले. "म्हंजे तुला सोसत न्हाय?"

"नाही काका."

"आनि मी तुझ्यापायी तीन म्हैनं पित्ताच्या गोळ्या खातोय व्हय?"

झुंबरबाई वळली. "तुमी बी?"

"मग काय सांगू? ह्यो वर बसून खातोय म्हटल्यावर मी गोलकीपर मागं सरू?"

"आनि मी चटणीवाली असून न्हाणीत जाऊन गूळ चघळत हुतो," झुंबरबाई म्हणाली. मग ती पुन्हा शांतवनकडं बघायला लागली. "रस्सा जायचा कुटं मग?"

"टाकला नाही, मावशी. कुणीतरी खात होतं. नाव मी सांगणार नाही, ते त्यांचं त्यांनी सांगावं."

मी दुकानात जाऊन उगाच शाई तपासली.

दुपारी झुंबरबाई फॉर्म घेऊन माझ्याकडंच आली. तिचं अक्षर तिलाच लागत नाही, त्यामुळं गल्लीतले सगळे कागद मीच लिहितो. तिसरा प्रश्न आला तसं मी झटकन 'होय' लिहून चौथ्याकडं वळलो.

"काय लिवलंस? वाच."

वाचलं.

"खोड त्ये."

"वहिनी, पोराचं वाटोळं हुईल."

"मी खोटं लिवून त्याला खरं बोलनारा ठरवू व्हय? लिव्ह. न्हाय. तीन म्हैनं रोज खोटं बोलला. पर ह्यो कागुद माझ्या हातात यायच्या आदी, कुनी न इचारता, आपलं नुकसान दिसत असताना येऊन सांगितलं. आमच्या घरात तिगं खोटं बोलत हुतो. सांगितलं त्या एकट्यानं."

मी लिहीत गेलो. 'तिघं' या शब्दावर पेन अडकलं. समोरच्या दारात शांतवन बॅगा भरून बसलेला दिसत होता, माझ्याकडं बघतही नव्हता. मला स्वतःची लाज वाटली, आणि ती लाज शर्टाच्या बटणांपर्यंत आली होती.

"वहिनी," मी म्हणालो, "तिगं न्हवं. चौगं लिवतो."

झुंबरबाईनं आधी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग पोटाकडं. "तरीच," ती म्हणाली. "लिव्ह चौगं." मी लिहिलं.

मंगळवारी सेमिनरीचे प्राचार्य स्वतः आले. पांढरी कॉलर, गंभीर चेहरा, हातात तो फॉर्म. जालन्याला पत्र पाठवायच्या आधी घरच्यांशी बोलावं म्हणून आलो, म्हणाले. असं उत्तर त्यांनी आजवर वाचलं नव्हतं आणि नियम तर स्पष्ट होता. शांतवन भरलेल्या बॅगा पायाशी ठेवून भिंतीला टेकून उभा होता, गणपतराव खिडकीतून बाहेर बघत होते. मला साक्षीला बोलावलं होतं.

जेवायची वेळ होती. झुंबरबाईनं पाव्हण्याला ताट वाढलं. लवंगीची चटणी अजून संपायची होती, रस्सा तिचाच. प्राचार्यांनी घोट घेतला. त्यांची मान कॉलरीत गेली, कपाळावर घाम आला, डोळे भरले. पाण्याचा तांब्या त्यांनी एका दमात संपवला.

"कसा झालाय?" झुंबरबाईनं विचारलं.

"फार छान," प्राचार्य म्हणाले.

शांतवननं डोळे मिटून घेतले. झुंबरबाई माझ्याकडं वळली.

"बाळासो, पाच कर."

प्राचार्यांनी फॉर्मवरचं 'चौघं' पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी दही मागितलं. ते आल्यावर गणपतरावांनीही आपली वाटी पुढं केली, तीन महिन्यांत पहिल्यांदा. जेवून हात धुतल्यावर प्राचार्यांनी खिशातलं पेन काढलं, ते 'चौघं' खोडून आपल्या हातानं 'पाच जण' लिहिलं, खाली सही केली आणि शांतवनला म्हणाले, "बॅगा उघड."