उसाच्या मेणासाठी आलेलं पत्र

हे मी आईला सांगितलं नाही, बहिणीला नाही, देवापुढे बसूनही मनातल्या मनात सुद्धा नीट उच्चारलं नाही. तुम्हाला का सांगतेय? माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित म्हणूनच.

आधी अरविंदबद्दल सांगते. ते सोपं आहे. त्याच्याबद्दल बोलायला मला अजूनही आवडतं.

आम्ही दोघं इंदूरच्या एका कापड गिरणीत कामाला होतो. मी ऑफिसात टायपिस्ट, तो सायझिंग खात्यात. मागावर चढवण्याआधी सुताला खळ देतात, ते खातं. खळीत चरबी पडायची, सूत तुटू नये म्हणून. त्या चरबीचा वास अरविंदच्या शर्टाला कायम असायचा आणि त्याची त्याला फार लाज वाटायची. ऑफिसात पगारपत्रकाचं काही विचारायला आला की दारातच उभा राहायचा. "सुषमाजी, मी इथूनच बोलतो." इंटर सायन्सपर्यंत शिकलेला होता. वडील गेले म्हणून कॉलेज सुटलं. पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, हे मात्र कुणी न विचारता सांगायचा — आणि सांगून झालं की स्वतःच हसायचा.

चरबीऐवजी दुसरं काही चालेल का, हे शोधता शोधता तो उसाच्या मेणापर्यंत पोचला. एकदा गिरणीसमोरच्या रसाच्या गाडीवर त्याने एक कांडं उचललं आणि नखाने खरवडलं. नखावर पांढरी भुकटी आली. "ये देखो. हे मेण आहे. ऊस स्वतःच स्वतःला लावून घेतो, पाणी उडू नये म्हणून. साखर कारखान्यात रस गाळला की हे सगळं गाळात जातं, आणि गाळ शेतात फेकतात. फेकतात, सुषमाजी!" रसवाला म्हणाला, "भिया, गन्ना रख दो नीचे." मी हसले. त्या दुपारी मला कळलं की मला हा माणूस हवा आहे. त्याला काही कळलं नाही. कळलं असतं तर? — असो.

मग गिरणी बंद पडली. गेटवर कागद लागला. आज उघडेल, उद्या उघडेल करत लोक डबे घेऊन गेटसमोर बसायचे. काही महिन्यांनी डबे आणणं थांबलं. मी राजवाड्याजवळ, भांड्यांच्या एका दुकानावरची खोली घेतली आणि टायपिंगचा क्लास सुरू केला. अरविंदने सुदामा नगरातल्या घरामागे पत्र्याची शेड ठोकली आणि मेण काढायला लागला. तीन तास बसने जाऊन कारखान्यातून पोत्यात गाळ आणायचा, वाळवायचा, स्पिरिटमध्ये उकळायचा, गाळायचा. पहिलं मेण काळं झालं. दुसरं हिरवट. मला आठवतं, सहाव्या की सातव्या वेळी तो जिने धडाधड चढून वर आला आणि माझ्या टाइपरायटरवर एक वडी ठेवली. मधासारखी पिवळी. नखाने दाबली तरी खूण उमटेना. वासाला थोडी गुळासारखी, थोडी ओल्या गवतासारखी. आता त्याच्या शर्टाला तोच वास यायचा — आणि आता तो दारात थांबत नसे. आत यायचा, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसायचा.

ते दीड वर्ष. तुम्हाला कसं सांगू? क्लासमध्ये दहा मशिनं एकदम खडखडत असायची आणि त्या आवाजात मला जिन्यावरची त्याची चप्पल बरोब्बर ऐकू यायची.

तेव्हा बाजार उघडला होता. परदेशी माल येत होता, आपला जाऊ शकतो असं जो तो म्हणत होता. अरविंदने लायब्ररीत बसून परदेशी कंपन्यांचे पत्ते उतरवून आणले. कुणी लिपस्टिक बनवणारे, कुणी बुटांचं पॉलिश, कुणी फळांवर मेण चढवणारे. त्यांना झाडापासून मिळणारं मेण लागतं, आणि ब्राझीलचं महाग पडतं, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. इंग्रजी पत्रं मी लिहिली. एकेका पाकिटात मेणाचा एकेक चपटा तुकडा. पत्ता माझ्या क्लासचा दिला, कारण पत्र्याच्या शेडचा पत्ता बघून कोण उत्तर देणार? — हे त्याचंच म्हणणं.

एकोणीस पाकिटं पोस्टात टाकून परत येताना तो म्हणाला, "एकाने जरी हो म्हटलं ना, तर मी कोल्हापूरकडे जाणार. तिकडे कारखानेच कारखाने. गाळ ताजा मिळेल, मेण अजून साफ निघेल."

मी विचारलं, "आणि इथलं?"

"इथलं काय? इथे आहे काय आता?"

तो सहज बोलला. गिरणीबद्दल बोलला. मला ते कळत होतं. तरी ते वाक्य माझ्यात जाऊन बसलं. मी इथे होते ना. मी त्याच्या शेजारून चालत होते.

बघा, मी परत त्याच्याबद्दलच बोलतेय. मुद्द्यावर यायला हवं.

उत्तर आलं. चार महिन्यांनी, एकच, हॉलंडहून. पोस्टमनने ते माझ्या हातात दिलं. पाकिटावर त्याचं नाव होतं आणि मी ते फोडलं. आधीही त्याची पत्रं मीच फोडायचे, त्यात काही चोरी नव्हती. चोरी पुढे आहे.

पत्रात लिहिलं होतं की नमुना त्यांनी तपासला. इतकं स्वच्छ आणि कडक उसाचं मेण त्यांच्याकडे यापूर्वी आलं नव्हतं. पन्नास किलो पाठवता येईल का? त्यांचा माणूस पुढच्या महिन्यात मुंबईला येणार होता, तर श्रीयुत मोहिते त्याला भेटू शकतील का? खाली निळ्या शाईतली सही. मला अख्खं पत्र पाठ आहे. विसरायचा प्रयत्न केला, जमलं नाही.

मी ते दोन दिवस पर्समध्ये ठेवलं. त्या दोन दिवसांत तो एकदा येऊन गेला. दारातून भुवया उंचावून विचारलं — आलं काही? मी मान हलवली. नाही.

नुसतं लपवलं असतं तर? तर कदाचित आज मला म्हणता आलं असतं की धीर झाला नाही, आज देऊ उद्या देऊ करत राहून गेलं. पण मी तेवढ्यावर थांबले नाही. मला भीती होती की ते लोक पुन्हा लिहितील, आणि तेव्हा पोस्टमनला जिन्यात अरविंदच भेटला तर? म्हणून तिसऱ्या दिवशी, मुलं यायच्या आधी, मी मशिनवर कागद चढवला आणि उत्तर टाइप केलं. आपल्या पत्राबद्दल आभारी आहोत. काही अडचणींमुळे आम्ही हे उत्पादन कायमचं बंद केलं आहे. खाली अरविंद मोहिते अशी सही केली. त्याची सही मला येत होती. 'अ'च्या खाली तो एक रेघ ओढायचा, ती पण ओढली. मोठ्या पोस्टात जाऊन स्वतः तिकीट लावलं. त्यांचं पत्र फाडून टाकलं.

हे मी केलं. रागाच्या भरात नाही, कुणी सांगितलं म्हणून नाही. शांत बसून, समास सोडून, तारीख घालून केलं.

तो आणखी तीन महिने येत राहिला. आधी भुवया उंचावायचा. मग नुसता बघायचा. मग बघायचाही नाही, खुर्चीत बसून मशिनची फीत गुंडाळत राहायचा. मी त्याला पाणी द्यायचे. मला वाटायचं, आता हा इथेच राहणार, आता हळूहळू काही बोलेल. काय बोलणार होता? ज्याने आपल्या हातचं सगळं वाया गेलं असं मानलं, तो माणूस कुणापुढे काय मागणार?

एक दिवस त्याने शेड उतरवली. पिंपं भंगारवाल्याला दिली. पलासियाच्या एका दवाखान्यात नंबर लावायचं काम मिळालं, ते त्याने निवृत्त होईपर्यंत केलं. त्याच्या आईने देवासची मुलगी बघितली, मीना. लग्नात मी दोन दिवस राबले, पानं वाढली. तो राहिला इंदुरात. माझा झाला नाही, पण राहिला. मला हवं होतं त्यातलं एवढंच मिळालं, आणि खरं सांगू? त्यातही मी कितीतरी वर्षं सुख मानलं. पलासियावरून जाताना काचेतून तो दिसायचा, रजिस्टरवर वाकलेला. मी ऑटो हळू घ्यायला सांगायचे.

माझी भाची बंगलोरला सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीत आहे. गेल्या वर्षी फोनवर सहज म्हणाली, मावशी, आता सगळ्यांना प्लांट-बेस्ड वॅक्स हवंय, युरोप म्हणू नको, जपान म्हणू नको, आणि उसाचं तर पुरतच नाही. मी तिला इतके प्रश्न विचारले की ती म्हणाली, तुला कशाला गं एवढं? ओठांना लावायची एक डबी तिने पाठवली. मी ती उघडून हुंगली. कसलाच वास नव्हता. मी तरी कितीतरी वेळ हुंगत बसले.

त्यानंतर दोन दिवसांनी मी सुदामा नगरला गेले. सांगायचंच ठरवून गेले होते. बसमध्ये पहिलं वाक्यही जुळवलं होतं.

तो ओट्यावर बसला होता, स्वेटर घालून. मला बघून खुश झाला. मीनाने चहा टाकला. मी काही बोलायच्या आत त्यानेच मोबाईल पुढे केला. उसाच्या मेणावरचा कसला तरी व्हिडिओ होता, मोठाल्या टाक्या, पांढऱ्या टोप्या घातलेली माणसं.

"बघ," तो म्हणाला, "दुनिया करतेय. म्हणजे अपना आइडिया तो सही था. माझं मेणच बेकार होतं, सुषमा. एकोणीस जणांना पाठवलं, एकाने नाही म्हणायला सुद्धा कागद खर्च केला नाही. किती बेकार असेल, सोच."

त्याच्या आवाजात दुःख नव्हतं. कधीच ठरवून टाकलेली गोष्ट सांगावी तसं तो सांगत होता. मग माझ्याकडे बघून डोळे बारीक केले.

"की तुझं इंग्रजीच चुकलं होतं?"

मीना आतून हसली. तोही हसला.

"असेल," मी म्हटलं. "तेव्हा कच्चंच होतं माझं."

मीनाने चहा आणला. मी तो प्यायले, वर अर्धा कप मागून घेतला, आणि सहाच्या बसने घरी आले.