सातवी ओळ

चहा थंड झाला तरी चालेल, पण हे ऐका. आणि हसायचं असेल तर शेवटी हसा. कारण माझ्या शहाणपणापायी एका म्हाताऱ्या गुरुजींची दोन वर्षांची मेहनत पाण्यात गेली होती.

मी बुलढाण्यात राहून सॉफ्टवेअरचं काम करतो. जिल्ह्यातल्या आम्हा दहा-बारा प्रोग्रामरांचा एक ग्रुप आहे. कोणाचं काही अडलं की एकानं तिथं कोड टाकायचा, दुसऱ्यानं उचलायचा. त्यात माझी खास टिपणं होती: ‘कॉम्प्युटर असा तयार करा’. कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांच्या बारा ओळी. एकेक कॉपी करा, चालवा, झालं! केवढा अभिमान होता मला त्यांचा!

एका रविवारी ग्रुपमधल्याच साखरखेर्ड्याच्या सुजाताचा फोन आला. “सर, मराठी टायपिंग बसवायला तुमची टिपणं चालवली. सातव्या ओळीनंतर माहं ‘काम’ नावाचं फोल्डरच गेलं. बाबांचे सगळे शब्द त्यात होते.”

तिचे वडील निवृत्त शिक्षक. गावोगाव फिरून जुने वऱ्हाडी शब्द जमवायचे, ही टाइप करायची.

आता मी काय करायला हवं होतं? ती ओळ वाचायला हवी होती. मी काय केलं? उपदेश!

“तुझंच काही चुकलं असेल. मी ती ओळ कितीदा चालवलीय.”

“सर, मी जशीच्या तशी टाकली.”

“थांब, दाखवतोच.”

लगेच सगळ्या ग्रुपला व्हिडिओ कॉल लावला, माझी स्क्रीन दाखवली आणि मास्तरी आवाजात सातवी ओळ चालवली.

मग संग्रामपूरचा गणेश हळूच म्हणाला, “दादा, तुमचंबी फोल्डर दिसून नाही राह्यलं.”

“दिसेल.”

“काऊन दिसन? तुम्ही पुसलं नं ते!”

तेव्हा मी स्वतःची ओळ पहिल्यांदा नीट वाचली. ‘काम’ फोल्डर असेल तर पुसा, मग नवं बनवा. कोऱ्या कॉम्प्युटरसाठी लिहिली होती ती. तिथं पुसायला काही नसतंच. एवढं एक टिपणात लिहायचं राहिलं होतं. आणि दाखवायला मी माझा रोजच्या कामाचा कॉम्प्युटर घेतला होता!

दुसऱ्या दिवशी साखरखेर्ड्याची बस धरली. वाटभर माफीची वाक्यं जुळवली. दारात गुरुजी दिसले आणि एकही आठवेना.

“जयभीम, या. शब्द गेले म्हंता?”

“माझ्यामुळे गेले, गुरुजी.”

ते आत जाऊन चार जाडजूड वह्या घेऊन आले.

“लेकीनं टाइप केलं ते गेलं. मी लिहिलं ते आहे. बसा. मी सांगतो, तुम्ही टाइप करा.”

पुढचे पाच रविवार मी तिथंच बसलो. एकदा घाईत दोन पानं उलटली, तर गुरुजी शांतपणे म्हणाले, “वाचून पुढं जात जा.” मान वर करायची हिंमत झाली नाही हो! पण शेवटचा शब्द टाइप झाला तेव्हा त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

माझं काम? थोडंफार ग्राहकांकडून परत मिळालं. पण टिपणंही त्याच फोल्डरात होती, आणि ग्रुपवरची मीच घाबरून काढून टाकली होती! शेवटी लाज सोडून ग्रुपवर विचारलं, “माझी टिपणं कोणाकडे आहेत का?”

मिनिटभरात सुजातानं पाठवली. सगळं जसंच्या तसं. फक्त सातव्या ओळीच्या जागी लिहिलं होतं:

“ही ओळ काढली आहे. धोकादायक आहे, याची सरांनी स्वतः चालवून खात्री केली आहे.”