साहेबांचं नाक
परवा नातीने रंगासाठी पळसाची फुलं उकळत ठेवली आणि त्या वासासरशी मला आमचे चित्रवेडे गुरुजी आठवले. कलकत्ता, रंगून, कोलंबो पालथं घालून ते तिरोड्याजवळच्या आमच्या खेड्यात शिकवायला आले होते, आणि गणिताच्या तासालाही आम्हाला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नेऊन पळसाच्या रंगाने चित्रं काढायला लावायचे. एकदा तपासणीला आलेले साहेब रिकामी शाळा पाहून तणतणत थेट शेतात आले. "गुरुजी, नोकरी नको झाली आहे का?" गुरुजी हात जोडून म्हणाले, "साहेब, उजेड फार छान पडलाय तुमच्यावर. जरा बसा." साहेब गोंधळून बसले, तशी मी त्यांचंच चित्र काढायला घेतलं. ते उठू लागताच मी ओरडले, "हालू नोका ना साहेब, नाक बिघडून राह्यलं!" बिचारे अर्धा तास पुतळ्यासारखे बसले. मग चित्र पाहून त्यांनी विचारलं, "एवढं मोठं आहे माझं नाक?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "पुष्कळ मुलूख हिंडलो साहेब, पण इतकं हुबेहूब नाक कुणी काढलेलं पाहिलं नाही." साहेब पोट धरून हसले, चित्र घडी घालून घरी घेऊन गेले, आणि गुरुजींची नोकरी वाचली. पुढे मीही शाळेत चित्रकला शिकवली, पण तपासणीला येणाऱ्या साहेबांची नाकं मात्र नेहमी लहानच काढली.